उतरत्या खोल्यांचं हॉटेल

बादली लाथाडली भिंगरीनं, पण बोलणी बसणार होती घुबडाला, कारण मोठी ती होती.

"गेलं पाणी," घुबड म्हणाली आणि उघड्या पलंगाच्या कडेवर बसली. पळायला अंगात त्राण नव्हतं, आणि पुसायला तर त्याहून नव्हतं. सकाळपासून तिनं गाद्या उन्हात टाकल्या होत्या, पडदे उतरवले होते आणि पलंगाखालून पाहुण्यांचे इतके विजोड मोजे काढले होते, की एखाद्या गोमेला पुरले असते.

"सुट्टीत समुद्रावर जाणार आहे," असं तिनं वर्गात मान वर करून सांगितलं होतं. समुद्र होता, नाही असं नाही. खिडकीतून दिसायचा. पण हे हॉटेल होतं मावशीचं, आणि ज्यांचं समुद्रावर हॉटेल असतं त्यांच्या घरात सुट्टी नावाची वस्तू शिल्लक राहत नाही. ती पाहुण्यांना वाटता वाटताच संपून जाते.

घुबड बारा वर्षांची. रात्री पांघरुणात टॉर्च लावून वाचायची आणि दिवसा जांभया द्यायची, म्हणून घरात सगळे तिला घुबडच म्हणत. तिची धाकटी बहीण भिंगरी नऊ वर्षांची आणि झोपेतसुद्धा हातपाय हलवणारी. तिसरा त्यांचा मावसभाऊ, म्हणजे मावशीचा मुलगा. त्याला तेरावं लागलं होतं आणि तो 'जेवायला ये' म्हटलं तरी 'कशावरून?' विचारायचा. त्यामुळे तो वकील.

वकील दारात आला आणि जमिनीकडे बघत राहिला.

"बादली भरलेली होती ना?"

"काठोकाठ," भिंगरी म्हणाली. ती पलंगावर चढून उभी होती, म्हणजे पाय कोरडे राहतील.

"मग पाणी कुठंय?"

घुबडानं खाली बघितलं. तीन नंबरच्या त्या खोलीत नुसती ओली जमीन चमकत होती. तळं नाही, डबकं नाही. पाण्याची एक रेघ दाराकडे गेली होती, उंबरठा नसलेल्या दारातून मधल्या बोळात शिरली होती आणि बोळात अंथरलेल्या काथ्याच्या लांब चटईखाली गडप झाली होती.

"चटईनं प्यायलं," भिंगरी म्हणाली.

"एवढी तहान लागते होय चटईला?"

तेवढ्यात मावशी आली. खांद्यावर चादरींचा ढीग, केसांत कोळिष्टक, आणि चालणं असं की जणू प्रत्येक पाऊल कुणाकडून उसनं आणलंय. घुबडानं डोळे मिटले. पण बोलणी आलीच नाहीत.

"सांडलंत? असू दे," मावशी म्हणाली. "इथं पुसावं लागत नाही. आपोआप जातं."

"कुठं जातं?" वकिलानं विचारलं.

"मला काय माहीत. माझ्या सासूबाई म्हणायच्या, पाणी सांडलं की गप्प बसायचं, जातं ते. मी गप्प बसले. इतकी कामं असतात, त्यात जे आपलं आपण होतंय ते कशाला खोदून बघा?" ती चादरींसकट घुबडाच्या शेजारी बसली. पलंग करकरला. "आणि आता पुसून तरी काय करायचंय. दुपारच्या चहाच्या वेळेला येतायत ते."

"कोण?"

"गोटीसाहेब. नगराध्यक्षबाईंना घेऊन. दारावर लाल कागद चिकटवणार. इमारत धोकादायक, आत राहू नये, पाडावी."

भिंगरीसुद्धा हलायची थांबली.

गोटीसाहेब म्हणजे नगरपालिकेचे इंजिनिअर. हंगाम चालू होता तेव्हा ते एकदा येऊन गेले होते. पांढरी पँट, पांढरे बूट आणि खिशात एक काचेची गोटी. कुठल्याही इमारतीत शिरले की ते गोटी जमिनीवर ठेवायचे, ती घरंगळली की मान हलवायचे आणि काहीतरी लिहून घ्यायचे.

"रस्त्याकडच्या चारही खोल्यांत सोडली त्यांनी गोटी," मावशी म्हणाली. "चारही वेळा समुद्राच्या दिशेनं पळाली. म्हणे इमारत समुद्राकडे खचतेय."

"आणि समुद्राकडच्या चार खोल्या?" वकील म्हणाला.

"तिथं पाहुणे झोपले होते. दुपारची वेळ. साहेब म्हणाले, तिथंही तसंच असणार. मग चहा प्यायले नि गेले."

"हा काय पुरावा झाला का?"

"तू त्यांना विचार, बाबा. मी विचारणार नाही." मावशी उठायला गेली आणि पुन्हा बसली. "पाडू देत. तुला घेऊन मामाकडे जाईन. तिथं दोन खोल्या, एक खिडकी, आणि खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे. सकाळी उठून कुणाला गरम पाणी हवंय का, हे विचारायला नको. झोप तरी मिळेल."

ती गेली. वकिलानं 'कशावरून?' सुद्धा विचारलं नाही, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. तो याच घरात जन्मला होता. मामाकडे त्याला खुर्चीच्या हातावर बसावं लागायचं.

"चला, पलंग तरी जागेवर लावू," घुबड म्हणाली. दुसरं काही सुचलं नाही की ती हातातलं काम पुढं ढकलायची.

आता, या हॉटेलात पलंग लावायची एक पद्धत होती. प्रत्येक पलंगाच्या दोन पायांखाली लाकडाची पाचर सारायची, नाहीतर पाहुणा रात्रभर घसरत राही. पाचरी जुन्या होत्या, वापरून वापरून काळ्या आणि गुळगुळीत झालेल्या. मावशीच्या सासूबाईंनी त्या सुताराकडून करून घेतल्या होत्या. तीन नंबर रस्त्याकडची, तिथं घुबडानं त्या बोळाकडच्या पायांखाली सारल्या. जमीन तिकडे उतरती होती, म्हणजे समुद्राकडे. गोटीसाहेब म्हणाले तशीच.

मग ते बोळ ओलांडून सहा नंबरात गेले. ही समुद्राकडची खोली. पाहुणे दोन दिवसांपूर्वीच गेले होते. वकिलानं पाचरी घेतल्या आणि खिडकीकडच्या, समुद्राकडच्या पायांखाली ठोकल्या. घुबड गादी टाकून क्षणभर म्हणून आडवी झाली आणि डोकं खाली, पाय वर अशी दाराच्या दिशेनं घसरत आली.

"अरे, उलट्या लावल्यास पाचरी."

"इमारत समुद्राकडे खचतेय, तर समुद्राकडचे पाय उचलायला नकोत का?"

"मग मी घसरायलाच नको होतं. दाराकडे का आले?"

वकील वाकून पाचरी बघू लागला. घुबड लोंबकळतच राहिली. तिला उठायचा कंटाळा आला होता, पण तिथून तिला जमिनीवरचे डाग नीट दिसत होते. वर्षानुवर्षं पाचरी ठेवून पडलेले दोन काळे चौकोन. ते खिडकीकडे नव्हते. दाराकडे होते.

"भिंगरे, कपाटातून डांबराची गोळी आण."

भिंगरी गेली नि आली. घुबडानं पांढरी गोळी खिडकीखाली ठेवली. गोळी जराशी थबकली, मग निघाली, पलंगाखालून गेली, दारातून बाहेर पडली आणि बोळातल्या चटईला टेकून थांबली. समुद्राकडे पाठ फिरवून.

मग त्यांनी इतर खोल्यांतही गोळ्या सोडल्या. फक्त सातमध्ये नाही. तिथं एक पाहुणे अजून मुक्कामाला होते. बाकी सगळीकडे एकच गोष्ट. रस्त्याकडच्या खोल्यांतली गोळी समुद्राकडे, समुद्राकडच्या खोल्यांतली रस्त्याकडे. सगळ्या बोळात.

"इमारत एकाच वेळी दोन्हीकडे कशी खचेल?" वकील म्हणाला. त्याच्या आवाजात जीव परत आला होता. "मधोमध दुमडायला काय ती वही आहे?"

"पण मग जमिनी अशा कुणी आणि कशाला केल्या?" घुबड म्हणाली.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि मग सात नंबरच्या दाराकडे. तिघांचेही चेहरे पडले.

सात नंबरात राहायचे ते आजोबा दर हंगामात सगळ्यांच्या आधी यायचे आणि सगळ्यांच्या नंतर जायचे. घरात त्यांचं नावच सातनंबर पडलं होतं. त्यांचा विषय एकच. समुद्रकाठची हॉटेलं कशी झाली, लोक सुट्टीला यायला कसे लागले, सज्जे कधी आले, कमानी कधी गेल्या. जेवणाच्या टेबलावर त्यांनी 'पूर्वी' असं म्हटलं, की लोक सूप अर्धवट टाकून उठायचे. वकील तर मागच्या वर्षी त्यांना बघून धुण्याच्या टोपलीत लपला होता.

"आजोबा," घुबड म्हणाली, "हे हॉटेल पूर्वी काय होतं?"

सातनंबर आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. इतक्या वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

"बसा. गोष्ट जरा लांब आहे."

"आखूड करा आजोबा," वकील म्हणाला. "दुपारी पाडायला येतायत."

आजोबा उठले आणि त्यांना बोळाच्या टोकाला टांगलेल्या फोटोसमोर घेऊन गेले. हा फोटो मुलं रोज बघत होती, म्हणजेच कधीच बघत नव्हती. फोटोत व्हरांड्यात ओळीनं माणसं बसलेली. गळ्यापर्यंत ब्लँकेटं, चेहरे असे की जणू सगळ्यांना एकाच वेळी इंजेक्शन द्यायचंय. मागं वाळूवर चाकांच्या खोल्या. लाकडी, छोट्या, पुढं घोडा जुंपलेला.

"ही सुट्टीवर आलेली माणसं," आजोबा म्हणाले.

"ही? यांना कुणी शिक्षा केली होती का?"

"डॉक्टरांनी केली होती. पूर्वी समुद्रावर मजा करायला कुणी यायचं नाही. समुद्र हे औषध होतं. डॉक्टर लिहून द्यायचे, इतक्या डुबक्या घ्या. काहींना तर ते खारं पाणी प्यायलाही लावायचे."

"शी," भिंगरी म्हणाली.

"त्या चाकांच्या खोलीत बसायचं, आत कपडे बदलायचे, घोडा खोली ओढत पाण्यात न्यायचा, मग दार उघडून बुडी मारायची. कुणी बघायला नको म्हणून एवढा खटाटोप. आणि ज्यांना थंड पाणी सोसायचं नाही, त्यांच्यासाठी हे घर बांधलं." त्यांनी भिंतीवर बोटानं टकटक केलं. "गरम केलेल्या समुद्राच्या पाण्याचं स्नानगृह. या आठ खोल्या म्हणजे आठ न्हाण्या. पलंगामागं बघा, रंगाखाली गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन दोन उंचवटे आहेत. नळांची तोंडं आहेत ती, बुजवलेली."

घुबडानं ते उंचवटे रोज पुसले होते. तिला वाटायचं, गवंड्यानं आळस केला असेल.

"पुढं रेल्वे आली, लोक पोरंबाळं घेऊन येऊ लागले. औषध राहिलं बाजूला, मजा आली पुढं. मग न्हाण्यांत पलंग टाकले, वर लाकडी माडी चढवली. मग लोकांना ऊन आवडायला लागलं, तेव्हा समोर तो सिमेंटचा सज्जा डकवला. जशी सुट्टी बदलली तसं घर अंगात कपडे चढवत गेलं. पण खालची जमीन तीच. न्हाणीची."

"आणि न्हाणीला उतार असतो," घुबड हळूच म्हणाली. "पाणी जायला."

"बोळाच्या मधोमध. चटईखाली."

वकिलानं आणि भिंगरीनं चटईचं टोक धरून गुंडाळायला सुरुवात केली. इतक्या वर्षांची वाळू उडाली. खाली दगडात कोरलेली लांबच लांब पन्हळ होती, वर लोखंडी जाळी.

"आजोबा, हे तुम्ही गोटीसाहेबांना का नाही सांगितलंत?" वकिलानं जरा रागानंच विचारलं.

"सांगत होतो की. ते म्हणाले, आजोबा, नंतर." सातनंबर हसले, पण थकल्यासारखे. "मला सगळे नंतरच म्हणतात."

वकिलाला धुण्याची टोपली आठवली आणि तो चटई जरा जास्तच घट्ट गुंडाळायला लागला.

पन्हळ बोळाच्या टोकाशी जमिनीत शिरत होती. म्हणजे पाणी बाहेर कुठंतरी पडत असणार, समुद्राच्या बांधावर. तिघं खाली वाळूवर उतरले. बांधाला टेकून मोडक्या आरामखुर्च्यांचा ढीग पडला होता. खुर्च्या ओढता ओढता भिंगरीचा फ्रॉक फाटला, वकिलाचा अंगठा चिरडला आणि शेवटी दगडांत ताटलीएवढं एक भोक दिसलं. वाळूनं बुजलेलं. फक्त वरच्या कडेनं पाणी थेंब थेंब ठिबकत होतं.

"लवकर," घुबड म्हणाली. भरती चढत होती. मघाशी दूर असलेला फेस आता खुर्च्यांच्या पायांना लागत होता.

स्वयंपाकघरातले डाव घेऊन तिघं उकरायला लागले. ओली वाळू काढली की मागची खाली येई. मग घुबड पालथी पडली आणि तिनं खांद्यापर्यंत हात आत घातला.

"काही लागलं का?" वकील.

"चिखल. आणखी चिखल. काहीतरी कडक..." तिनं ओढून काढलं. एक कंगवा. मग एक चमचा. मग एका लाटेनं तिला कमरेपर्यंत भिजवलं आणि तिनं दात ओठ खाऊन हात आणखी पुढं रेटला. पुढच्या लाटेत नाकातोंडात पाणी गेलं. वकिलानं तिचे पाय धरून ठेवले.

"सोड ते, बाहेर ये."

"हाताला लागलंय. एकच मिनिट." आणि चिखलाचा एक भलामोठा बोळा सुटून आला. मागून इतक्या वर्षांचं साचलेलं काळं पाणी भसकन तिच्या तोंडावर.

बोळ्यात माणसाचे दात होते. वरचे, सगळे.

भिंगरी किंचाळली. वकील मागच्या मागं बसला. घुबडानं डोळे पुसून नीट बघितलं.

"कवळी आहे," ती म्हणाली. "कुणीतरी आंघोळ करताना हरवली असेल. बिचारा उरलेली सुट्टी सूपच प्यायला असणार."

हसू आवरल्यावर वकिलानं बेत सांगितला. त्याला नीळ लागणार होती, कपड्यांना घालतात ती. आणि गोटीसाहेबांचे बूट पांढरे होते, ही गोष्ट त्यानं लक्षात ठेवली होती. बेत वकिलाचा असला की त्यात एक कलम न्यायाचं असतं आणि एक निव्वळ खोडीचं.

पण नीळ घ्यायला गेलेली घुबड स्वयंपाकघराच्या दारात अडखळली. मावशी चहाचे कप पुसत होती. ज्यांनी घर पाडायचं त्यांच्यासाठी ती चांगले, सोनेरी काठाचे कप काढत होती. एकच कप ती किती वेळ पुसत होती, तिचं तिलाही भान नव्हतं.

घुबडाला मघापासून एक गोष्ट टोचत होती. झोप तरी मिळेल, असं म्हणाली होती मावशी. आपण हे घर वाचवायचं, आणि मावशीनं उद्यापासून पुन्हा चादरी, पुन्हा गरम पाणी, पुन्हा विजोड मोजे?

"मावशी, खरं सांग. तुला हे घर नकोसं झालंय का?"

मावशीनं तिच्याकडे बघितलं. चिखलानं माखलेली, केसांतून पाणी गळतंय, पाठ चौकटीला टेकलेली.

"तू आत्ता दमली आहेस ना?"

"खूप."

"आणि जे काय करून आलीस ते नको होतं का तुला?"

"नाही. हवं होतं."

"मग. दमणं वेगळं, नकोसं होणं वेगळं." मावशीनं कप ठेवला. "पण माझ्यात आता भांडायचं बळ नाही गं. साहेब बोलायला लागले की मी 'बरं' म्हणून टाकते. 'बरं' म्हणायला ताकद लागत नाही."

"तू नको भांडूस," घुबड म्हणाली. "तू फक्त चहा दे. आणि निळीचा डबा."

गोटीसाहेब आले ते लाल कागदाची गुंडाळी काखेत मारूनच. बरोबर अध्यक्षबाई होत्या. जाड चष्मा, हातात मोठी पर्स आणि दिवसभरात आधीच तीन ठिकाणी भाषणं ऐकून आलेला चेहरा.

"लवकर आटपू या," साहेब म्हणाले. "उघड केस आहे, मॅडम."

"मॅडमना गोटी दाखवा ना, साहेब," वकील इतक्या गोड आवाजात म्हणाला, की त्याच्या आईनं चमकून बघितलं.

साहेबांना गोटी दाखवायला नेहमीच आवडायचं. तीन नंबरात त्यांनी ती ऐटीत जमिनीवर ठेवली. गोटी निघाली, दारातून बोळात आली, तशी साहेबांनी ती उचलली.

"बघा. समुद्राकडे."

"आणि समोरच्या खोलीत?" वकील म्हणाला.

"तेच होणार."

"मग बघू या की. तेच होणार असेल तर बघायला काय हरकत?"

अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि मग वकिलाकडे. "सोडा हो, साहेब. एक गोटी तर सोडायचीय."

सहा नंबरात साहेबांनी गोटी ठेवली आणि सवयीनं खिडकीकडे बोट दाखवलं. गोटी त्यांच्या बोटाकडे दुर्लक्ष करून उलट निघाली, दारातून गेली, बोळातल्या लोखंडी जाळीवर टणटण वाजली आणि खाली पडली.

साहेबांचं बोट अजून खिडकीकडेच होतं.

"म्हणजे... दोन्ही बाजूंनी आत खचतेय," ते शेवटी म्हणाले. "हे तर जास्तच धोकादायक."

वकिलाच्या तोंडचं पाणी पळालं. हा मुद्दा त्यानं धरलाच नव्हता.

"नाही," मावशी म्हणाली.

सगळे वळले. मावशी हातात चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"खचत नाहीये. खचत असती तर पाचरी पुरल्या नसत्या." तिनं ट्रे खाली ठेवला, पलंगाखालून एक पाचर काढली आणि साहेबांच्या हातात दिली. "ही माझ्या सासूबाईंच्या वेळची. तेव्हा बरोबर बसायची, आजही बरोबर बसते. मी लग्न होऊन आले तेव्हापासून दर हंगामाला माझ्या हातानं लावतेय. उतार वाढला असता तर मला जाड पाचर करावी लागली असती. एकदाही करावी लागली नाही. इतकी वर्षं लाटा आदळतायत, आणि उतार तसूभर हललेला नाही. हे तुम्ही मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तुम्ही साखर किती एवढंच विचारलंत."

अध्यक्षबाईंनी पाचर हातात घेतली, उलटसुलट केली. "मग हा उतार कशाचा?"

"पाण्याचा," घुबड म्हणाली. "आजोबा, सांगा ना. लांब सांगितलंत तरी चालेल."

सातनंबर आजोबांनी सांगितलं, आणि पहिल्यांदाच कुणी उठून गेलं नाही. अध्यक्षबाईंनी तर नळांची बुजलेली तोंडं स्वतः वाकून चाचपली.

"ऐकीव गोष्टी आहेत, मॅडम," साहेब म्हणाले. "ती पन्हळ केव्हाच बुजली असेल. त्यातून पाणी जाणं शक्य नाही."

वकिलाला हेच ऐकायचं होतं. "तर मग साहेब, आता ओहोटी लागलीय, तुम्हीच खाली वाळूवर उभे राहून बघा. पाणी आलं नाही तर लाल कागद मी स्वतः चिकटवतो. इथून, या बाजूनं या. इथं खुर्च्या काढून मुद्दाम जागा केलीय. अजून जरा भिंतीजवळ. हां, इथून छान दिसेल."

अध्यक्षबाई चार हात लांब उभ्या राहिल्या. त्यांना राजकारणाचा अनुभव होता.

वर भिंगरी निळीची बादली घेऊन बोळात तयार होती. आयुष्यात पहिल्यांदा तिला मोठ्यांच्या सांगण्यावरून पाणी सांडायचं होतं. वकिलानं शीळ घातली. तिनं सगळी बादली एकदम ओतली, आणि मग दुसरीही ओतली. ती बेतात नव्हती, पण हात शिवशिवत होते.

"काही येत नाहीये," साहेब म्हणाले. "मी म्हटलं होतं ना..."

भिंतीत गुडगुडलं. मग दगडातल्या भोकातून जाड निळी धार बाहेर पडली आणि साहेबांच्या गुडघ्यांवर आदळली. पँट निळी झाली, मोजे निळे झाले, बूट तर असे झाले की शाईच्या दौतीत बुडवून काढलेत. धारेच्या शेवटी टप्पकन काचेची गोटी बाहेर आली आणि त्यांच्या पायाशी थांबली.

सगळ्यात आधी अध्यक्षबाई हसल्या. हसायला त्या विसरल्याच असाव्यात, कारण आधी नुसता खोकल्यासारखा आवाज आला. मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. साहेब गोटी उचलून बघत राहिले. माणूस वाईट नव्हता. दिवसाला खूप इमारती बघायच्या आणि प्रत्येकीत चहा प्यायचा, असं त्यांचं चाललं होतं. तेही दमलेलेच होते.

"समुद्राकडच्या खोल्या बघायला हव्या होत्या मी," ते पुटपुटले. "पाहुणे घोरत होते. मला वाटलं, कशाला."

"सगळी इमारत पुन्हा नीट तपासा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "पायापासून. दुसऱ्या कुणाला तरी सोबत घेऊन. तोवर हा कागद लागणार नाही. आणि आजोबा, तुम्ही नगरपालिकेत या. या गावातल्या इतर घरांखाली काय काय दडलंय ते मला ऐकायचंय. नंतर नाही. उद्याच या." मग त्या मुलांकडे वळल्या. "आमच्या इतक्या शहाण्या माणसांनी जमिनीकडे बघितलं, पण जमीन काय सांगतेय ते तुम्ही तिघांनी ऐकलंत. शाबास. आणि तुमची मावशी कुठंय? तिला तर मला..."

मावशी कुठंच नव्हती.

ती थोड्या अंतरावर, बांधाच्या वळणापलीकडे सापडली. मोडक्या खुर्च्यांच्या ढिगातली एक धड खुर्ची मुलांनी बाजूला काढून ठेवली होती. इतकी वर्षं मावशीनं हजारो लोकांना त्या खुर्च्या उघडून दिल्या होत्या, स्वतः कधी बसली नव्हती. आज फक्त टेकायला म्हणून बसली असेल. मान एका खांद्यावर, तोंड जरासं उघडं, हातात अजून ती पाचर. गाढ झोप.

अध्यक्षबाईंनी ओठांवर बोट ठेवलं. "राहू दे. नंतर सांगीन," त्या कुजबुजल्या, आणि निळे बूट पचपच वाजू नयेत म्हणून साहेब चवड्यांवर चालत गेले.

जाताना लाल कागद मात्र त्यांच्या काखेत नव्हता. तो वकिलानं मागून घेतला होता. कोरी बाजू वर करून त्यानं तो दाराला लावला आणि घुबडानं उरलेल्या निळीत बोट बुडवून मोठ्या अक्षरांत लिहिलं:

'हॉटेल बंद आहे. मालकीण सुट्टीवर गेली आहे.'

"कुठं गेली, तेही लिही," भिंगरी म्हणाली.

"समोर समुद्रावर आहे की. ज्याला बघायचं तो बघेल." घुबडानं एक लांबलचक जांभई दिली, गुंडाळलेल्या चटईवर डोकं ठेवलं आणि उताराच्या दिशेनं पाय करून ती झोपून गेली.